बँटिंगपासून बायपासपर्यंत : वजन उतरवण्याची गोष्ट



आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होते, कारण तो घरातला आहे. माझी थोरली बहीण इंदूरला असते. सहा वर्षांपूर्वी तिचं वजन १०४ किलो होतं आणि उंची पाच फूट दोन इंच. मधुमेह होता, गुडघे गेले होते, रात्री घोरताना श्वास अडकायचा. डाएट तिने किती केले याचा हिशेब तिच्याकडेही नाही. शेवटी तिने जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, जिला स्लीव्ह म्हणतात. पहिल्या वर्षात ३४ किलो उतरले. मग पुढच्या तीन वर्षांत हळूहळू ११ परत आले. लग्नाकार्यात बायका विचारायला लागल्या, ‘ऑपरेशन करूनसुद्धा?’ त्यातच पायांना मुंग्या यायला लागल्या. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं.

ताईने डिस्चार्जची फाइल मला दाखवली. त्यात आहाराचं एकच पान होतं. इंग्रजीत. चिकन सूप, अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेला मासा. ताई जन्मात अंड्याला हात लावत नाही. गोळ्यांच्या यादीत जीवनसत्त्वं होती, पण तीन महिन्यांपुरती. ती आयुष्यभर घ्यायची असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, निदान तिला कळेल अशा भाषेत तरी नाही.

मला राग आला, आणि राग आला की मी वाचायला बसते, ही माझी जुनी सवय. दोन प्रश्न होते. पोट कापून लहान केलं तरी वजन परत का येतं? आणि ‘कमी खा’ एवढा साधा सल्ला माणसाला पाळता का येत नाही? उत्तरं शोधताना मी बरीच मागे गेले. तीच गोष्ट आज सांगते.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिन्दितीय. लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या शरीरांचा हा अध्याय: फार उंच, फार बुटका, अंगभर केस असलेला, केसच नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. पहिल्या सहांची नुसती नावं येतात आणि सगळी चर्चा शेवटच्या दोघांवर होते. लठ्ठपणाची कारणं देताना गोड, स्निग्ध आणि जड खाणं, व्यायाम न करणं, दिवसा झोपणं हे तर येतंच, पण त्या यादीत बीजस्वभावही आहे. म्हणजे आईबापांकडून आलेलं. ताईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे हे तेव्हाही माहीत होतं आणि तरी सगळे मलाच बोलतात!’

चरक म्हणतो की कृश माणसापेक्षा स्थूल माणसावर उपचार करणं कठीण. कारण त्याची भूक प्रखर असते. मेदाने वाट अडली की वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि अग्नी फुलवतो, असं त्याचं स्पष्टीकरण. हे शरीरशास्त्र आज कुणी मानणार नाही. पण निरीक्षण बघा: लठ्ठ माणसाला भूक जास्त लागते, आणि ती त्याची हौस नसते. उपाय सांगताना तो म्हणतो, अन्न पचायला जड हवं पण पोषणाला हलकं हवं. जव, सावा, कोद्रा, मूग, कुळीथ, आवळा अशी त्याची यादी आहे. पोट भरेल, वेळ लागेल, पण अंगाला फार लागणार नाही असं अन्न. ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ या वळणावर मी जाणार नाही, त्या वळणावर फार गर्दी असते. पण ही कल्पना चांगली होती आणि ती आपण विसरलो, एवढं खरं.

आता एकदम लंडनला. साल १८६२. विल्यम बँटिंग नावाचे एक सद्गृहस्थ, वय ६६, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा, आणि तोही साधासुधा नाही. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ ची प्रचंड अंत्ययात्रा याच घराण्याच्या पेढीने पार पाडली होती. या बँटिंगना स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येत नसे. जिना उतरताना ते पाठमोरे उतरत, कारण गुडघ्यांवर भार सहन होत नसे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी पहाटे उठून नाव वल्हवली. त्याने दंड भरले आणि भूक इतकी वाढली की वजनही वाढलं. तुर्की स्नानं झाली, समुद्राची हवा झाली, औषधी झऱ्यांचं पाणी झालं.

मग त्यांना ऐकू कमी यायला लागलं, म्हणून ते विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेले. (रक्ताभिसरणवाला हार्वी तो वेगळा, तो दोनशे वर्षं आधीचा.) या हार्वीने पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेह यांवरची व्याख्यानं ऐकली होती. त्याला वाटलं, या माणसाच्या कानावर चरबीचा दाब येत असावा. त्याने सांगितलं: ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद. मांस, मासे, भाज्या, थोडा कोरडा टोस्ट चालेल. वाइनही चालेल, ती बँटिंगनी मनापासून पाळली असं दिसतं. वर्षभरात ४६ पौंड उतरले, म्हणजे सुमारे २१ किलो. आणि ऐकूही यायला लागलं.

बँटिंगना इतका आनंद झाला की १८६३ मध्ये त्यांनी लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापून फुकट वाटली. डॉक्टरमंडळी चिडली, की हा शवपेट्यावाला आम्हाला शिकवणार! पण पुस्तिका खपत राहिली, आणि ‘बँटिंग’ हे नाव इंग्रजीत क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला ‘बांता’ म्हणतात. बँटिंग ८१ वर्षांचे होऊन वारले.

मला या माणसाचा मोठेपणा आहारयोजनेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत वाटतो. त्याने जिना उलटा उतरण्याची लाज छापून टाकली. लठ्ठ माणूस स्वतःबद्दल स्वतः बोलतोय आणि विनोदाचा विषय होत नाहीये, असं त्याआधी फारसं घडलेलं नव्हतं.

पुढचा टप्पा मी भराभर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी खोलीएवढी पेटी बांधली आणि शरीर किती उष्णता खर्च करतं ते मोजलं. अन्नाच्या कॅलरी मोजण्याची रीत तिथून घरोघर पोचली. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंचं पुस्तक आलं आणि पोळी ही पोळी न राहता आकडा झाली. १९३३ नंतर डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला विकलं गेलं. त्याने वजन खरंच उतरे, पण लोकांना मोतीबिंदू झाले आणि काही जण अंगातल्या उष्णतेने मेले. १९३८ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. इंटरनेटवर आजही ते चोरून विकतात, म्हणून नाव सांगितलं. कुणी देऊ केलं तर पळा.

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मी हैदराबादला राहते. इथे तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिचं मूळ निलगिरीतल्या कुन्नूरला, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेत. त्यांनी उंदरांचे गट केले आणि हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण त्यांना घातलं. शीख जेवणावरचे उंदीर सगळ्यांत धडधाकट निघाले, मद्रासी भातावरचे सगळ्यांत मरतुकडे, आणि मराठा जेवणावरचे मधे कुठेतरी. आपल्या पोषणशास्त्राचा जन्मच मुळी उपासमारीच्या प्रश्नातून झाला. बेरीबेरी, रातांधळेपणा, आणि मग १९४३ चा बंगालचा दुष्काळ, ज्यात वीस ते तीस लाख माणसं गेली. लठ्ठपणा हा शेठजींचा आजार समजला जाई. ही समजूत सरकारी धोरणातून आणि आपल्या डोक्यातूनही निघायला फार वेळ लागला. रेशनच्या दुकानात धान्य मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण डाळ, भाजी आणि दूध यांची कायद्याने हमी कुणी घेतली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही पाच किलो आहे ते धान्यच.

आता त्या प्रयोगाकडे येते, ज्याने माझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं. मिनेसोटा विद्यापीठ, १९४४-४५. युद्ध संपत आलं होतं. युरोपात कोट्यवधी लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण घेतले. हे सगळे धर्मामुळे किंवा विवेकामुळे लढायला नकार दिलेले, स्वेच्छेने आलेले. फुटबॉलच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत ते राहत. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी दिल्या. बटाटे, ब्रेड, मॅकरोनी, सलगम. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं.

१,५७० हा आकडा पुन्हा बघा. आज कुठल्याही आहारतक्त्यावर हा किंवा याहून कमी आकडा सर्रास लिहिलेला असतो.

त्या तरुणांचं वजन जवळजवळ पावपट घटलं. पण कीजने टिपून ठेवलं ते वजनापेक्षा महत्त्वाचं आहे. त्यांना स्वप्नं अन्नाची पडत. स्वयंपाकाचं पुस्तक कधी न उघडलेली पोरं पाककृती जमवायला लागली. ताटं चाटून पुसून घेत. चिडचिड, उदासी, सतत थंडी. आणि विसाव्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आली. शरीराने दिवे मालवून घर चालवायला सुरुवात केली होती. प्रयोग संपल्यावर हवं तेवढं खायला दिलं तरी कित्येकांची भूक भागेना, आणि अंगावरची चरबी आधी होती त्याच्याही वर गेली.

ही लठ्ठ माणसं नव्हती. खादाड नव्हती. ज्यांनी तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करला होता, त्यांच्या निश्चयाबद्दल काय शंका घेणार? ताईने रात्री दोन वाजता फ्रीज उघडला, त्याला आम्ही घरात ‘ताबा नाही’ म्हणायचो. त्यात मीही होते.

योगायोग असा की त्याच विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यचिकित्सकांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याच्या शस्त्रक्रियेवर लिहिलं. कल्पना सरळ होती: माणूस खाणं थांबवत नसेल तर खाल्लेलं अंगी लागू द्यायचं नाही. वजन उतरलं. पण सतत जुलाब, मूतखडे, आणि कित्येकांची यकृतं निकामी. खाल्लेलं अन्न आतड्यातून वाया जात होतं आणि माणूस भरल्या ताटासमोर कुपोषित होत होता. पुढे ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली, आणि अनेकांची आतडी पुन्हा जोडावी लागली.

खरं वळण आलं ते आयोवात. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलाय त्या बायकांचं वजन काही केल्या वाढत नाही. अल्सरच्या डॉक्टरांना ही तक्रार वाटत होती. मेसनना तो उपाय वाटला. १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्याबरोबर जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडली. हाच गॅस्ट्रिक बायपास. पुढे जोडणी बदलली, १९९० च्या दशकात दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून हे करता यायला लागलं, मधे पट्टा बांधण्याची पद्धत येऊन गेली. ताईची स्लीव्ह तर अपघातानेच जन्मली. एका मोठ्या शस्त्रक्रियेचा तो पहिला टप्पा. फार जोखमीच्या रुग्णांना २००० च्या सुमारास डॉक्टर म्हणत, आधी एवढंच करू, वजन थोडं उतरलं की पुढचं बघू. पुष्कळांचं वजन एवढ्यानेच इतकं उतरलं की दुसऱ्या टप्प्याची गरजच उरली नाही. आज जगात सगळ्यांत जास्त होणारी शस्त्रक्रिया हीच आहे. आपल्याकडे २०११ मध्ये नितीन गडकरींनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि हा विषय मराठी घरांत चहाबरोबर बोलला जायला लागला.

आता पोट लहान होतं म्हणून माणूस कमी खातो, एवढंच हे आहे का? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर पोरीस यांनी आपल्या बायपासच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मधुमेह असलेल्यांपैकी बहुतेकांची साखर ताळ्यावर आली होती, आणि कित्येकांची तर काही दिवसांतच, वजन उतरायच्या आधी. २००२ मध्ये आणखी एक तुकडा सापडला. जठरातून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक निघतं. डाएट करून वजन उतरवलं की ते वाढतं, म्हणजे शरीर ओरडून अन्न मागतं. बायपासनंतर मात्र ते फार खाली सापडलं. म्हणजे शस्त्रक्रिया नुसती पिशवी लहान करत नाही, ती पोट आणि मेंदू यांच्यातलं बोलणं बदलते. मिनेसोटाच्या पोरांना जी भूक लागली होती, ती निदान काही काळ तरी लागत नाही.

काही काळ. हा शब्द महत्त्वाचा. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लोकांचा पाठपुरावा चालला. दहा वर्षांनंतर बायपासवाल्यांचं वजन सरासरी २५ टक्क्यांनी कमी होतं, पट्टावाल्यांचं १४ टक्क्यांनी. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं वजन होतं तिथेच, दोन टक्के इकडे किंवा तिकडे. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूही कमी झाले. पण त्याच अभ्यासातला आलेख बघितला तर सगळ्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला जातं आणि मग थोडं वर येतं. सगळ्यांचं. ताईचे ११ किलो हा अपवाद नव्हता, तो आलेख होता. हे तिला ऑपरेशनच्या आधी कुणी दाखवलं असतं तर तीन वर्षांचं रडणं वाचलं असतं.

मग शस्त्रक्रियेशिवाय काहीच होत नाही का? होतं. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर काम केलं, आणि २००६ मध्ये दाखवलं की आहार आणि चालणं एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांहून थोडं जास्त घटतं. त्यात वजन फारसं उतरलंच नव्हतं, हे मला सगळ्यांत आवडलं. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींचा काटेकोर आहार आणि मग सतत देखरेख, असं केलं. वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी ३६ टक्के. पुन्हा तोच आलेख, फक्त कात्री नाही.

इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधली ३.५ ची. हडकुळी बाळं, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र तुलनेने राखलेली. मार खाल्ला होता तो स्नायूंनी. २००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला: स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन, शेजारी शेजारी. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्यावर दोघे सारखे, आत वेगळे.

म्हणून भारतीयांसाठी २००९ मध्ये रेषा खाली आणल्या गेल्या. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत. बँटिंगचा बीएमआय काढला तर ३३.६ येतो. आज त्याला मधुमेह असता तर भारतात त्याच्यापुढे शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवला गेला असता.

आपल्या महाराष्ट्रात मात्र चर्चा गाजली ती वेगळीच. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, दर दोन तासांनी थोडं खा, तूप-भात सोडू नका, गावचं अन्न खा. एकाच घरात सासू दीक्षित आणि सून दिवेकर, अशी भांडणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. माझं मत विचाराल तर दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोघेही चहा-बिस्किट-फरसाणाचा जो अखंड नंदादीप आपल्याकडे चालतो, तो विझवतात. दीक्षितांनी हे फुकट केलं, याचं मला कौतुक आहे. पण एक सांगायलाच हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करायची नाहीत. साखर एकदम घसरते. आणि ज्यांची शस्त्रक्रिया झालीय त्यांना दोन जेवणांचा नियम जमतच नाही.

का, ते सांगते. शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधं जेवण. इथपर्यंत सगळे सांभाळतात. खरी परीक्षा पुढे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात. आपलं लाडकं वरण वाटीभर घेतलं तर त्यात जेमतेम सहा-सात ग्रॅम. म्हणजे नुसत्या वरणावर राहायचं तर नऊ-दहा वाट्या! आणि स्लीव्हनंतर जठरात मावतं ते सुरुवातीला वाटीभर. ताई पातळ वरण-भात आणि ताक घेत राहिली, ‘हलकं’ म्हणून. पोट त्याने भरत होतं, प्रथिनं मिळत नव्हती. पुढे पोटाला सवय झाली तेव्हा चिवडा आणि शेव सहज उतरायला लागली, कारण कुरकुरीत गोष्टी तोंडात विरघळतात आणि लहान पोटातूनही सरकतात. पनीर मात्र चावावं लागतं. इंदूरमध्ये शेव टाळणं किती अवघड, हे इंदूरकरच जाणोत.

बी-१२ चं तसंच. ते शोषून घ्यायला जठरातलं आम्ल आणि एक खास प्रथिन लागतं. जठराचा मोठा भाग गेला की दोन्ही घटतात. त्यातून माणूस शाकाहारी असेल तर मुळात येणारंच कमी. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचीही गत थोडीफार तीच. म्हणून गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. १९५४ च्या त्या आतड्याच्या शस्त्रक्रियेची चूक नव्या शस्त्रक्रियेत नाही, पण तिची सावली आहे: भरलेल्या घरात कुपोषण होऊ शकतं.

आता इंजेक्शनं आली आहेत. त्यांची सुरुवात १९९२ मध्ये एका विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूपासून झाली, ती गोष्ट स्वतंत्र भागाची आहे. २०२५ मध्ये दोन मोठी नावं भारतात अधिकृतपणे आली. ती भूक उतरवतात. बंद केली की भूक परत येते आणि वजनही. मिनेसोटाचा धडा इथेही लागू आहे, आणि प्रथिनांचा हिशेबही.

शस्त्रक्रिया न करणाऱ्यांचं ताट यापेक्षा फार वेगळं नाही, ही मला लागलेली सगळ्यांत उपयोगी गोष्ट. तारनाक्याच्या संस्थेने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्या जेवणातली ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून येते, ती ४५ च्या आत आणा, असं त्यात म्हटलंय. निम्मं ताट भाज्या आणि फळांचं. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांचा वाटा वाढवा. पोळीवर पोळी आणि भातावर भात हे जे आपलं आहे, त्यात मधे उसळ नुसती तोंडी लावायला असते. ती ताटाच्या मधोमध यायला हवी. चरकाने मूग आणि कुळीथ सांगितले होतेच. कुळथाची उसळ सध्या किती घरांत होते, हात वर करा.

गेल्या वर्षी इंदूरच्याच एका आहारतज्ज्ञ मुलीने ताईबरोबर तासभर बसून मराठीत एक पान लिहून दिलं. ताईची बी-१२ ची इंजेक्शनं झाली, मुंग्या बऱ्याच कमी आहेत. वजन ८१ वरून ७७ वर आलंय आणि तिथेच थांबलंय. ते पान फ्रीजवर चिकटवलेलं आहे, रात्री दोन वाजता समोर दिसेल असं. सकाळी आधी मुगाचं धिरडं, आत पनीर. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. दुपारी सोयाबीनच्या वड्यांची भाजी, सोबत एक छोटी ज्वारीची भाकरी. रविवारी पोहे आहेत त्यात, अर्धी वाटी, मटार आणि शेंगदाणे जास्त घालून, आणि त्याआधी एक उकडलेलं अंडं. त्या अंड्यावर ताईने पेनने काट मारून वर ‘पनीर’ लिहिलंय, आणि कंसात बारीक अक्षरात, ‘जिलबी एक, महिन्यातून एकदा. विचारून ठेवलंय.’